सिफनोस (ग्रीस): छोट्या बेटावर चांगलं कुठे जेवावं?

तुळशीकट्टा, पुणे
६ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही तिघं ग्रीसला निघालोय. मी, नवरा आणि सासूबाई. आधी अथेन्स, मग सिफनोस नावाचं बेट. सोमवार २६ मे ते शनिवार ३१ मे असं तिथे राहायचं आहे. सँटोरिनीला गर्दी फार म्हणून ते नको असं तिघांनी मिळून ठरवलं. सिफनोस निवडलं कारण तिथलं जेवण ग्रीक लोकच नावाजतात असं नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ग्रीक सहकाऱ्याने सांगितलं.

माझा प्रश्न सरळ आहे. चांगलं कुठे जेवावं? जागांची नावं सांगितलीत तर बरं होईल. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. दूधदुभतं चालतं. नवरा आणि मी मासे खातो, मटण क्वचित. सासूबाईंनी आयुष्यभर चार माणसांना रांधून वाढलंय. त्यांना एकदा तरी कुणीतरी मायेने गरम वाढावं असं माझ्या मनात आहे. पाच दिवस त्यांना चिप्स आणि सॅलडवर काढायला लागू नयेत.

घाटमाथा
६ एप्रिल, रात्री १०:२५

सिफनोस पाहिलेलं नाही, पण नॅक्सोसला गेलो होतो. तिथले बटाटे आणि ग्राव्हिएरा चीज प्रसिद्ध आहे, बेट मोठं आहे, शेती आहे. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. बोट कोणत्या मार्गाची आहे ते पाहून दोन दिवस तिकडे काढता आले तर विचार करा.

जास्वंद_अथेन्स
७ एप्रिल, सकाळी ११:०५

तुळशीकट्टा ताई, मी नऊ वर्षं अथेन्सला आहे आणि सिफनोसला चारदा जाऊन आले. तुमचा बेत वाचला आणि आधी तारखांकडे लक्ष गेलं. २६ ते ३१ मे, म्हणजे तुमच्या मुक्कामात रविवारच येत नाही! जमत असेल तर अथेन्स नंतर ठेवा आणि शनिवारी २४ तारखेलाच बेटावर पोचा. सिफनोसला कुठे जेवायचं याच्या आधी कधी जेवायचं ते ठरवावं लागतं. कारण सांगते.

तिथला मुख्य पदार्थ म्हणजे रेविथादा. काबुली चणे, भरपूर कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, पाणी. एवढंच. शनिवारी संध्याकाळी घराघरातून चण्यांची मातीची भांडी गावातल्या लाकडाच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टीचं तोंड बंद. निखाऱ्याच्या उरल्या धगीवर रात्रभर चणे शिजतात आणि रविवारी चर्चमधून परतताना आपापलं भांडं उचलून घरी न्यायचं, वरून लिंबू पिळून खायचं. भांड्याचं नाव स्केपास्तारिया, म्हणजे झाकणाचं भांडं. टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या साध्या खानावळी, तेही आजही बहुतेक रविवारीच करतात. दुपारी बारा-साडेबाराला जाऊन बसा, दोनच्या पुढे भांडं रिकामं झालेलं असतं. यात ना मांस, ना अंडं, ना दूध. सासूबाईंसाठी याहून नेमकं काही नाही.

पूर्वी यासाठी टाक्यात साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचे, अजूनही काही घरी तेच घेतात. बोअरच्या जड पाण्यात आपली तूरडाळ शिजत नाही ना, तसंच आहे हे. पाणी जड असलं की चण्याचं साल घट्ट राहतं.

तारखा बदलायला सांगण्याचं दुसरं कारण पण आहे, पण आधी हे जमतंय का ते कळवा.

डोलकाठी
७ एप्रिल, रात्री ८:५०

जास्वंद ताईंना पूर्ण अनुमोदन. मी जहाजावर इंजिनिअर, मूळ रत्नागिरीचा. ग्रीक मालकाच्या कंपनीत असल्याने पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, अनेक खेपा झाल्या. २०१९ मध्ये बायकोला घेऊन सिफनोसला सहा दिवस राहिलो.

आधी पोचण्याचं. बेटावर विमानतळ नाही. पिरेअसहून वेगवान बोट अडीच ते तीन तासांत नेते, मोठी फेरी पाच तासांच्या वर घेते. वडीलधारं माणूस बरोबर असेल तर मोठी घ्या. वेळ जातो, पण ती कमी हलते, डेकवर फिरता येतं. जुलै-ऑगस्टला मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा वेगवान बोटी रद्द होतात. मेमध्ये बहुधा त्रास नाही.

बोट कामारेसला लागते. तिथून अपोलोनिया हे मुख्य गाव साडेपाच किलोमीटर, वर डोंगरात. बस आहे, बेटाच्या बहुतेक भागांत ती जाते आणि चांगली जाते.

आता माशांबद्दल, कारण तुम्ही खाता म्हणालात. मेन्यूवर मासा किलोच्या भावाने लिहिलेला असतो. हे न कळल्यामुळे मी एकदा (सिफनोसला नव्हे, दुसऱ्या एका बेटाच्या बंदरावर) दोघांच्या जेवणाचे ११० युरो भरले. मासा मोठा होता, मी वजन विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून माझा नियम: मासा समोर आणायला सांगायचा, तराजूवर ठेवायला लावायचा, आकडा ऐकायचा आणि मगच हो म्हणायचं. यात कुणाला वाईट वाटत नाही, तिथली रीतच आहे ती.

मेन्यूत पदार्थापुढे फुली किंवा तारा दिसला तर तो गोठवलेला माल. हे लिहिणं त्यांना बंधनकारक आहे. माकूळ आणि कोळंबी बऱ्याचदा गोठवलेली निघते. त्यापेक्षा लहान मासा मागवा. गावरोस हा आपल्या मांदेलीच्या कुळातला, सार्देला म्हणजे तारलीच. पीठ लावून कुरकुरीत तळतात, काट्यासकट खायचा, ताजा असतो आणि स्वस्त पडतो. उत्तर टोकाला खेरोनिसोस नावाची चिंचोळी खाडी आहे, पाच-दहा घरं आणि होड्या. आमचं त्या बेटावरचं सगळ्यात चांगलं मासळीचं जेवण तिथे झालं, पाण्यापासून चार पावलांवर.

बिल पावतीसकट मागा. पावती दिली नाही तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही, असं तिथे मेन्यूवरच छापलेलं असतं.

तुळशीकट्टा
८ एप्रिल, सकाळी ७:३०

जास्वंद ताई, डोलकाठी दादा, फार फार आभार. रात्रीच नवऱ्याशी बोलले. हॉटेलवाल्यांना मेल केला आहे, शनिवार २४ पासून खोली आहे म्हणाले. अथेन्स शेवटी ठेवतोय. सासूबाईंना भट्टीतल्या चण्यांचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "रात्रभर? राखेत पुरलेल्या वांग्यासारखं असेल." ताई, दुसरं कारण सांगा आता.

जास्वंद_अथेन्स
८ एप्रिल, दुपारी १:१५

वा! दुसरं कारण ख्रिसोपिगी. बेटाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या खडकावर हा मठ आहे, बेटाची रक्षणकर्ती मेरी माता तिथे आहे. तिची जत्रा ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे यंदा गुरुवारी २९ मेला. पण खरी रात्र आदल्या दिवशीची, बुधवार २८ ची. प्रतिमा बोटीने आणतात, आरती-प्रार्थना होते आणि मग पंगत. पंगतच म्हणते, कारण दुसरा शब्द सुचत नाही. लांब बाकांवर लोक बसतात, एक पंगत उठली की दुसरी. कुणीही बसावं, परकं-आपलं पाहत नाहीत. चण्यांचं सूप आधी, मग मांस आणि मॅकरोनी किंवा बटाटे, ब्रेड, चीज, वाईन.

या सगळ्याचा खर्च आणि राबणं त्या वर्षीच्या मानकऱ्याचं. त्याला पानिगिरास म्हणतात. प्रतिमा वर्षभर त्याच्या घरी असते, घर येणाऱ्याजाणाऱ्याला उघडं ठेवावं लागतं, आणि जत्रेनंतर ती पुढच्या मानकऱ्याकडे जाते. जेवून उठताना लोक त्याला म्हणतात "के तू ख्रोनू", म्हणजे पुढच्या वर्षीही. आपल्या कानाला ते किती ओळखीचं वाटतं बघा.

अशा जत्रा, पानिगिरी, वर्षभर असतात. जुलैत प्रोफितिस इलियासची, बेटाच्या सगळ्यात उंच डोंगरावर, १९ तारखेच्या रात्री. पण सासूबाईंना तिथे चढवू नका. ख्रिसोपिगीला पायऱ्या आहेत, तरी जमतील.

आता शाकाहाराचे शब्द. कागदावर लिहून घ्या.

"खोर्तोफागोस" म्हणजे शाकाहारी. तेवढ्यावर भागत नाही, मासा शाकाहारात धरणारे भेटतात. म्हणून "ना मांस, ना मासा, ना अंडं" हे तिन्ही सांगायचं: "ओही क्रेआस, ओही प्सारी, ओही अव्गो".

"निस्तिसिमो" म्हणजे उपासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासात मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. पण शिंपले, माकूळ, ऑक्टोपस उपासाला चालतात! तेव्हा हा शब्द एकटा वापरू नका.

येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. आत भात आणि पुदिना असतो, कधी खिमाही. खिमा नसेल तर त्याला "ऑर्फाना" म्हणतात, अनाथ. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या बिनखिम्याच्या असल्या की "यालांजी", तुर्की शब्द, अर्थ लबाड. सासूबाईंसाठी अनाथ आणि लबाड मागवा, निर्धास्त खाऊ द्या.

मेलोपिता नावाचा मध आणि ताज्या चीजचा गोड पाय आहे, त्यात अंडं असतं. ते तुम्ही दोघांनी खा.

रानमेवा, वाई
८ एप्रिल, रात्री ९:००

धागा वाचताना राहवलं नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. सिफनोसच्या दगडी बांधांच्या फटीतून केपरची झुडपं लोंबतात. त्यांच्या न उमललेल्या कळ्या खुडतात, मिठात किंवा उन्हात ठेवतात. सिफनोसची खास भाजी कापारोसालाता: वाळवलेल्या कळ्या भिजवून, पाणी बदलत उकळून खारट-कडूपणा काढतात, मग भरपूर कांद्याबरोबर तेलात मंद शिजवतात, वर थोडं व्हिनेगर.

हे केपर म्हणजे आपल्या वाघाटीचं भावंड. दोन्ही एकाच प्रजातीतली (genus), कॅपॅरिस. आषाढी द्वादशीला पारण्याला वाघाट्याची भाजी करायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. तीच थोडी कडवट, थोडी झणझणीत चव. तुमच्या सासूबाईंना ती खायला द्या आणि ओळखता येते का पाहा, मला खरंच उत्सुकता आहे.

दुसरं, खोर्ता मागवा. म्हणजे उकडलेली पालेभाजी, तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात जी येते ती व्लिता. ती माठाच्याच जातीतली आहे. परदेशात चौथ्या दिवशी माणसाला पालेभाजी हवीशी होते, तेव्हा उपयोगी पडेल. आणि फाव्हा नावाचं पिवळं घोटीव वरण असतं, वर कच्चा कांदा आणि केपर. सँटोरिनीची फाव्हा ज्या डाळीची असते ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीची जवळची नातलग. बेटाबेटावर डाळ बदलते.

पाटावरवंटा, कोल्हापूर
९ एप्रिल, सकाळी ८:४५

शाकाहाराचं छान झालं. मटणाची बाजू मी मांडतो. ताई, क्वचित खाता म्हणालात, तर त्या क्वचितपैकी एक वेळ मास्तेलोसाठी ठेवा. मातीच्या उभ्या भांड्यात तळाला द्राक्षवेलीच्या काड्या आडव्यातिडव्या रचतात, वर कोकरू किंवा करडूचे मोठे तुकडे, शेपूची मूठ, लाल वाईन. पाणी नाही. भट्टीत रात्रभर. काड्यांमुळे मांस तळाला लागत नाही, चरबी गळून खाली जाते आणि वाईनबरोबर रस होतो. मूळ ईस्टरचा पदार्थ, शनिवारी रात्री भट्टीत आणि रविवारी पानात. आता रविवारी बऱ्याच ठिकाणी मिळतो. शेपूचा मटणाशी एवढा मेळ बसेल असं मला वाटलं नव्हतं. घरी परतल्यावर तीनदा करून पाहिलं. चव जवळ आली, पण मातीच्या भांड्याशिवाय वास येत नाही.

वाथी नावाची खाडी आहे, तिथे मानोलिस म्हणून टॅव्हर्ना आहे, अंगणात लाकडाची भट्टी. भट्टीतलं जे असेल ते मागवा. त्याच खाडीला कुंभारांच्या जुन्या जागा आहेत. सिफनोसची माती आगीवर न तडकणारी म्हणून इथली भांडी एके काळी साऱ्या एजियन समुद्रात जायची. म्हणून कुंभार किनाऱ्याला बसले, भांडी थेट होडीत चढवायला. मी एक स्केपास्तारिया हातातल्या बॅगेत धरून कोल्हापूरपर्यंत आणली.

सागरगोटा
९ एप्रिल, दुपारी ४:१०

कुणी महागड्या ठिकाणांबद्दल सांगेल का? लेखांमध्ये सिफनोसच्या नव्या शेफ लोकांचं फार वाचायला मिळतं.

डोलकाठी
९ एप्रिल, रात्री ९:३५

सागरगोटा, आम्ही २०१९ ला प्लातिस यालोस किनाऱ्यावर ओमेगा थ्रीमध्ये जेवलो होतो. छोटी जागा, मोजकी टेबलं, आठवडाभर आधी नाव नोंदवून. मासा फार हुशारीने केलेला होता, अजून आठवतो. पण माझं प्रामाणिक मत सांगतो. पाच दिवस असतील तर अशी एक रात्र पुरे. तसला स्वयंपाक अथेन्सला, लंडनला, मुंबईला मिळू शकेल. शनिवारी रात्री पुरलेले चणे रविवारी तिथेच खावेत.

जास्वंद_अथेन्स
१० एप्रिल, सकाळी १०:२०

एक इतिहासाची गोष्ट, कारण तिचा जेवणाशी थेट संबंध आहे. ग्रीसचा सगळ्यात प्रसिद्ध स्वयंपाकी निकोलाओस त्सेलेमेंतेस सिफनोसच्या घराण्यातला, जन्म १८७८. त्याच्या पाककृतींचा एवढा प्रभाव पडला की ग्रीकमध्ये कुठल्याही पाककृतींच्या पुस्तकाला "त्सेलेमेंतेस" म्हणतात. मुसाकावर (वांगी-खिम्याचे थर लावून भाजलेला पदार्थ) पांढऱ्या बेशामेल सॉसचा जाड थर येतो ना, तो त्याने रुजवला. त्याला फ्रेंच पद्धतीचं प्रेम होतं, तेल-लसूण-मसाला कमी करावा असं मत होतं.

मला गंमत वाटते ती ही, की त्याच्या स्वतःच्या बेटाने त्याचं नाव जपलं, सप्टेंबरात तिथल्या आर्तेमोनास गावात त्याच्या नावाने खाद्यमहोत्सव भरतो, पण चण्यात बेशामेल काही घातलं नाही. म्हणून तिथे मुसाका मागवत बसू नका. तो सगळीकडे मिळतो.

सागरगोटा, तुमच्या प्रश्नावर डोलकाठींचं जे मत तेच माझं.

ताई, शेवटच्या काही सूचना, मग मी थांबते. रविवारचे चणे सोडले तर दुपारचं जेवण दोन वाजता, रात्रीचं नऊनंतर. सात वाजता जाऊन बसलात तर टेबलं रिकामी असतील आणि स्वयंपाकघर अर्धं झोपलेलं. "मागिरेफ्ता" म्हणजे सकाळी रांधून ठेवलेले पदार्थ, ते दुपारीच चांगले. भेंडी, फरसबी, वांगी, बटाटे, सगळं टोमॅटो आणि तेलात. रात्रीपर्यंत ते शिळं होतं. आत जाऊन पातेल्यात काय आहे ते बघू का, असं विचारा. जुन्या टॅव्हर्नात हसून आत घेतात. ज्या दारात माणूस उभा राहून हातात फोटोंचा मेन्यू धरून बोलावतो, तिथे मी जात नाही.

ब्रेड न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात, त्यावर वाद घालू नका. वाईन किलोवर मागायची, अर्धा किलो म्हणजे "मिसो किलो", धातूच्या जगमध्ये येते. शेवटी फळ किंवा गोड न मागता येतं, त्याला केरास्मा म्हणतात, त्याचे पैसे देऊ करू नका, मनाला लागतं त्यांच्या.

आर्तेमोनासला थेओदोरूंचं जुनं मिठाईचं दुकान आहे. आमिग्दालोता घ्या, बदामाचे. अंडं आहे का ते विचारून सासूबाईंना द्या.

तुळशीकट्टा
८ जून, सायंकाळी ६:२०

मंडळी, परवा परतलो. धाग्याचं ऋण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारी दुपारी उतरलो. अपोलोनियाला खोली होती. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर एका गल्लीत बेकरीच्या दारात एक बाई दोन्ही हातांनी फडक्यात धरलेलं भांडं आत देत होती. तपकिरी, बुटकं, झाकणाचं. सासूबाई थांबल्या. मी म्हटलं, आई, हेच ते. त्या बाईने आमच्याकडे बघून झाकण उचलून दाखवलं. पाण्यावर कांदा तरंगत होता, खाली चणे. भाषा कुणालाच येत नव्हती. सासूबाईंनी बोटाने विचारलं, पाणी किती? तिने चण्यावर दोन पेरं धरून दाखवली.

रविवारी साडेबाराला कास्त्रोला गेलो. समुद्राच्या कड्यावरचं जुनं गाव, वाटा अरुंद, पायऱ्या. टॅव्हर्नाचं नाव लिहीत नाही कारण पाटी ग्रीकमध्ये होती आणि माझं टिपून घ्यायचं राहिलं. चौकातून समुद्राकडे जाणारी जी गल्ली, तिच्या टोकाला. रेविथादा आली. चणा बोटाने दाबला तर लोणी. पण फुटलेला नाही, अख्खा. रस्सा घट्ट, पिवळसर, कांदा विरघळून दिसेनासा झालेला. तिखट नाही, हळद नाही, जिरं नाही. पहिल्या घासाला मला वाटलं, यात काहीतरी कमी आहे. चौथ्या घासाला वाटेनासं झालं. सासूबाईंनी लिंबू पिळलं, ब्रेड बुडवला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिने घाई केलेली नाही." त्यांच्या तोंडून स्वयंपाकाला याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

चण्याचे वडे, रेविथोकेफ्तेदेस, तिथेच मागवले. पुदिना आणि कांदा घातलेले, आतून मऊ. अंडं नाही हे स्वयंपाकघरात जाऊन विचारून घेतलं. ते त्यांनी तीन दिवस रोज खाल्ले.

रानमेवा सर, तुमचा प्रयोग केला. कापारोसालाता पुढे ठेवली, काही सांगितलं नाही. पहिला घास घेतल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणाल्या, "कडू आहे पण ओळखीचं आहे. द्वादशीचं काहीतरी." मग मी सांगितलं. त्यांचं माहेर वाईजवळचं आहे, त्यांना वाघाटी पुण्यात मिळत नाही याची वर्षानुवर्षं खंत आहे. केपरची दोन पाकिटं आणली आहेत, आषाढीनंतर करणार आहेत.

सोमवारी दुपारी फारोसला. कोळ्यांचं छोटं गाव, किनाऱ्याला लागून टॅव्हर्ना. नवऱ्याने वजन करून घेतलेला मासा आणि मी तळलेला गावरोस. डोलकाठी दादा, तराजूची सूचना सोन्याची. आकडा ऐकून आम्ही मोठा मासा बदलून लहान घेतला आणि त्या माणसाने मान डोलावली, काही वाटून घेतलं नाही. सासूबाईंना व्लिता. म्हणाल्या माठच आहे, लसूण राहिली घालायची.

एक जेवण बिघडलं, तेही सांगते. मंगळवारी रात्री भूक लागली म्हणून बंदरावर पहिल्या दिसलेल्या जागी साडेसातला बसलो. येमिस्ता दुपारचे होते, कडेने वाळलेले, आत भात थंड. आम्ही "ऑर्फाना" विचारलं, हो म्हणाले, आणि पहिल्याच टोमॅटोत खिमा निघाला. सासूबाईंच्या पानात आला नव्हता, माझ्या आला, म्हणून वाचलो. त्या रात्री त्यांनी ब्रेड आणि मध खाल्ला. मध तिथला रानातल्या थाइमवरचा, तोही चांगला होता, पण माझं मन खट्टू झालं. तेव्हापासून पहिला तुकडा मी कापून बघूनच त्यांच्या पानात वाढला.

आणि बुधवार. ख्रिसोपिगी. आम्ही सातला पोचलो. प्रतिमेची बोट येताना घंटा वाजायला लागल्या, सगळे उभे. सासूबाईंनी हात जोडले, शेजारच्या म्हातारीने क्रॉस केला. मग बाकावर जागा मिळायला दीड तास. आमच्या समोर बेटावरचं कुटुंब होतं, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. चण्यांचं सूप आलं. मांसाचा थाळा आला तेव्हा मी कागद काढून वाचायला लागले, "ओही क्रेआस, ओही प्सारी". ती आजी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उठली. कुठे गेली कळेना. पाच मिनिटांनी दुसरी भरलेली वाटी घेऊन आली, वर स्वतःच्या ताटातला चीजचा तुकडा. मानूराचा. सिफनोसचं कडक चीज, वाईनच्या गाळात मुरवलेलं, बाहेरून काळपट जांभळं. वास उग्र. सासूबाईंनी तिच्यासमोर ते सगळं संपवलं. (शाकाहारींनी लक्षात घ्या, जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासरा-करडाच्या पोटातून काढलेलं विरजण) असू शकतं. आईंना मी नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या, "तिने तिच्या ताटातलं दिलं, ते मी परत केलं नसतंच.")

निघताना सगळे ओरडत होते, के तू ख्रोनू. आम्हीही म्हणालो.

पाटावरवंटा दादा, आमच्या एकुलत्या रविवारी कास्त्रोला होतो आणि नंतर वाथीला मास्तेलो नव्हतं, ते राहिलं. पण वाथीच्या कुंभाराकडून स्केपास्तारिया घेतली.

सागरगोटा
८ जून, रात्री ९:१५

वाचताना डोळे भरून आले, ताई. घरी ओव्हनमध्ये करता येईल का? प्रमाण द्याल?

तुळशीकट्टा
९ जून, सकाळी ९:५०

सागरगोटा, काल रात्रीच केलं, म्हणून ताजं सांगते. अर्धा किलो काबुली चणे बारा तास भिजवले, पाणी फेकलं. तीन मोठे कांदे उभे चिरून. पाऊण वाटी ऑलिव्ह तेल, दोन तमालपत्रं, मीठ. पाणी फिल्टरचं, चण्यावर दोन पेरं. झाकण कणकेने लिंपलं, ही सासूबाईंची कल्पना. मातीचं भांडं थंड ओव्हनमध्ये ठेवून मगच सुरू करा, एकदम गरमात ठेवलं तर तडकेल. १२० अंशांवर सात तास. कुकरमध्ये चणे शिजतील, पण कांदा असा विरघळणार नाही. मातीचं भांडं नसेल तर जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं चालेल.

लिंबू शेवटी, पानात. लसूण, जिरं काही घालू नका, पहिल्यांदा तरी.

पाटावरवंटा, कोल्हापूर
९ जून, दुपारी १२:३०

कणकेने लिंपायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या भांड्यातून वाफ जायची, तळाला कोरडं व्हायचं. या रविवारी मास्तेलोला तसंच करतो. ताई, कणीक सैल की घट्ट?

तुळशीकट्टा
९ जून, दुपारी २:०५

घट्ट. आई म्हणतात पुरीची असते तशी, आणि झाकण बसवण्याआधी भांड्याची कड ओली करायची.